एकशे सतरा नंबरचा कागद

१

एकशे सतरा नंबरचा कागद जागेवर नव्हता.

अर्फानं वरवंटा उचलून खाली ठेवला, पाट बाजूला केला आणि ओलसर टिपकागद एकेक करून सोडवले. एकशे अठरा होता. एकटाच. सकाळी तिनं हे दोन्ही कागद जोडीनं दाबून ठेवले होते, कारण जुन्या घडीतच ते एकमेकांना चिकटून गेले होते. ओल लागली की सावकाश सुटतील, मग उलगडू, असं तिनं ठरवलं होतं. ती जेवायला उठली तेव्हा साडेबारा झाले होते. आता सव्वा वाजला होता.

खिडकीबाहेर कुंडलचं रान जानेवारीच्या पातळ उन्हात पसरलं होतं. उसाला तुरे आले होते. वारा गेला की ते सगळं पांढुरकं रान झोपेत कूस बदलल्यागत हलायचं आणि पुन्हा निपचित पडायचं. लांबच्या गुऱ्हाळाचा गोड, जडसर वास घरात येत होता. तीन दिवस त्या वासात जुने कागद चाळून अर्फालाही आपण दुसऱ्या कुणाच्या स्वप्नात वावरतोय असं वाटायला लागलं होतं. त्या रिकाम्या टिपकागदानं तिला खडबडून जागं केलं.

अर्फा कराडची. तिचे वडील हुसेनभाई पुस्तकं बांधायचे. खळ, सुई, दोरा आणि कागद यांतच ती वाढली. वडिलांच्या माघारी बांधणीचं काम आटलं, तेव्हा तिनं त्याच हातांना नवं काम दिलं. लोकांच्या घरी जाऊन ती कागद लावून देऊ लागली. लाइटबिलं, पासबुकं, विम्याच्या आणि ठेवींच्या पावत्या, सातबारे, दवाखान्याच्या फायली. घर म्हटलं की कागद, आणि घरचा कर्ता गेला की त्यांतला एकही वेळेला सापडत नाही. ती ते निवडायची, पाठीमागं मऊ पेन्सिलीनं नंबर टाकायची, वहीत नोंद करायची, मग स्कॅन. संध्याकाळी दिवसभराचे फोटो घरच्यांच्या मोबाइलवर.

या घरचे कर्ते, सुभेदार कृष्णात, आठ महिन्यांपूर्वी गेले होते. मागं राहिली ती एक लोखंडी पेटी आणि तीत तीनशे बारा कागद.

तिनं वही उघडली. तिच्याच अक्षरात ओळ होती: ‘११७ – स्टॅम्पपेपर, घडीचा, उघडलेला नाही. वरच्या बाजूला पेन्सिलीनं: शा. सही.’

एवढंच. आत काय होतं ते तिनं पाहिलंच नव्हतं.

“मिळंना व्हय?” दारातून आवाज आला. सुभेदारांचे धाकटे भाऊ नानासो उभे होते. “का मिळायचं हुतं त्ये मिळालं?”

२

नानासोंनी तिला पिशवी रिकामी करायला लावली.

अर्फानं एकेक वस्तू सतरंजीवर मांडली. स्कॅनर, वायर, ब्रश, पेन्सिली, डबा, ओढणी, पाण्याची बाटली. तिचे कान तापले होते. सुभेदारांचा मुलगा वीरधवल भिंतीला टेकून बघत होता. त्यानंच तिला बोलावलं होतं. त्याचं पलूसला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि वडिलांचे कागद लागेनात म्हणून त्याच्या पाच फेऱ्या वाया गेल्या होत्या.

“काका, बास करा,” तो म्हणाला, पण उशिरा, सगळं मांडून झाल्यावर. मग अर्फाकडं न बघता बोलला, “मॅडम, कुणाच्या घरातनं स्टॅम्पपेपर जाणं बरं नाही. शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर मला कराडात चार लोकांना सांगावं लागंल.”

चार लोकांना सांगितलं की संपलं. तिचं काम जाहिरातीवर चालत नव्हतं. एका घरानं दुसऱ्या घराला ‘बाई चांगली आहे’ म्हणून सांगायचं, त्यावर चालत होतं.

“शोधते,” ती म्हणाली. “पण मला सगळ्यांशी बोलायचंय. एकेकाशी.”

त्या पाऊण तासात घरात चौघं होती. प्रत्येकजण कधी ना कधी पुढच्या खोलीतून गेलं होतं, कारण बाहेर जायची वाट तिथूनच होती.

वीरधवलनं ‘शा. सही’ हे शब्द वहीत बघितले आणि लगेच म्हणाला, “शासकीय सही. अप्पांनी कुठल्यातरी सरकारी कागदावर लिहिलं असणार.” त्याला त्या कागदाचं विशेष वाटत नव्हतं, की तो तसं दाखवत होता, ते कळेना. अर्फाला मात्र आठवलं, सोमवारी आल्या आल्या यानं पेटीतून आधी नदीकाठच्या मळ्याचा सातबारा आणि आईचं आधार शोधायला लावलं होतं.

“घाई कशाची होती?” तिनं विचारलं.

“शुक्रवारी पलूसला एक काम आहे. आईला लागतील.” मग आवाज खाली आणून, “तिला अजून काही बोललो नाही. कचेरी म्हटलं की घाबरती. शुक्रवारी सकाळी सांगीन, बँकेत जायचंय म्हणून.”

नानासोंनी ते दोन शब्द वाचायला चष्मा काढून पुसला. “शाळा. सही. मी शाळा कमिटीत हुतो की. दादानं देणगी दिल्याली, त्याचा कागद. त्यात कुणाला काय रस असणार?”

“मग माझी पिशवी कशाला बघितलीत?”

 नानासोंनी उठून भिंतीवरच्या भावाच्या फोटोचा हार उगाच सरळ केला.

सुभेदारांची मुलगी क्रांती त्याच सकाळी कडेगावहून, सासरहून, न कळवता आली होती. येताच तिनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, “स्टॅम्पपेपर किती निघाले?” आता ती अर्फासमोर मांडी घालून बसली आणि सरळ बोलली.

“माझ्यावर संशय हाय ना? असू दे. दादा आन् काका काहीतरी शिजवत्यात, एवढं मला कळतंय. म्हणून आले. पण कागद मी घेतला असता तर अंगणात उभं राहून वाचला असता, लपवला नसता.” ‘शा. सही’ तिनं दोनदा वाचलं. “शामराव. अप्पांच्या पलटणीतले. त्यांची सही असंल.”

तीन माणसं, एकाच घरची, आणि दोन शब्दांचे तीन अर्थ. सुभेदारांचं अक्षर होतंच तसं, मुंग्यांची रांग पाण्यात पडल्यासारखं.

शेवटी ती परसात गेली. सुभेदारांची बायको शालूबाई उन्हाला बसून शेंगा फोडत होत्या. सत्तरीच्या जवळपास वय, बारीक अंग, डोक्यावर पदर. वीरधवलनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘आईला लिहिता-वाचता येत नाही, तिला कागदाचं काही विचारू नका.’

“मला काय कळतंय पोरी,” शालूबाई म्हणाल्या. “पांढऱ्यावर काळं दिसतंय, एवढंच.” त्यांनी मूठभर शेंगदाणे तिच्या हातावर ठेवले. “पिशवी बघितली व्हय तुजी? वंगाळ केलं. तू मनाला लावून घिऊ नगंस. शुक्रवारी अकराला पलूसला जायचं हाय, तवर गावंल बघ.”

अर्फानं मान हलवली आणि दाणे तोंडात टाकले. परसातल्या केळीच्या पानावर एक माशी बसत होती आणि उडत होती. त्या उन्हात सगळं इतकं सावकाश चाललं होतं, की म्हातारीच्या बोलण्यातलं चुकीचं काहीतरी तिच्या कानांवरून तसंच पुढं निघून गेलं.

३

गुरुवारी सकाळी कराडहून येणारी एसटी धुक्यातूनच आली. ताकारीच्या पुढं तर वाहकानं दारात उभं राहून थांबे ओळखले. कुंडलला उतरल्यावर अर्फाला समोरचं घर दिसेना. फक्त उसाचे तुरे तेवढे धुक्यावर तरंगत होते, खाली ऊस नसल्यासारखे.

रात्रभर तिला वडील आठवत होते. हुसेनभाई म्हणायचे, ‘कागद एकटा राहत नाही. ज्याला टेकतो त्याला काहीतरी देतो.’

ती पुढच्या खोलीत बसली आणि तिनं एकशे अठरा नंबर हातात घेतला. सुकून तो मोकळा झाला होता. विम्याच्या जुन्या योजनेचं माहितीपत्रक, बिनकामाचं. पण तो कुठंही फाटलेला नव्हता, आणि दुसऱ्या कागदाचा तुकडाही त्याला चिकटून राहिला नव्हता. चिकटलेले कागद घाईत ओढले तर फाटतात. चोराला घाई असते, त्यानं जोडीच उचलली असती. इथं कुणीतरी दाराकडं कान ठेवून, पण बोटांना सावकाश चालवून, एकावरून दुसरा सोडवून घेतला होता. म्हणजे त्याला कोणता हवा होता ते माहीत होतं. वर लिहिलेले दोन शब्द त्यानं वाचले होते, आणि बरोबर वाचले होते.

तिनं माहितीपत्रक उजेडाला धरलं. कोपऱ्यात निळसर काहीतरी होतं. एकशे सतराची खालची बाजू त्याला चिकटली होती तिथंच. दौतीच्या शाईनं ओल लागताच रंग सोडला होता.

तिनं तो कोपरा स्कॅन केला, लॅपटॉपवर मोठा केला, काळपट केला. वेलीसारख्या रेघा. अर्थ लागेना. मग तिनं चित्र आरशात धरल्यासारखं डावं-उजवं फिरवलं.

अक्षरं हळूहळू वर आली, तळ्याच्या तळातून वर यावीत तशी. मोठी, सुटी सुटी, प्रत्येकाला स्वतःची वेगळी शिरोरेघ. ‘ई’ दोनदा गिरवलेला.

शालूबाई कृष्णात.

ही अंगठा उठवणाऱ्या बाईची सही होती.

४

अर्फा कितीतरी वेळ पडद्याकडं बघत बसली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

‘शा.’ म्हणजे शासन नव्हे, शाळा नव्हे, शामराव नव्हेत. शालू.

पण कुणी तिच्या नावानं खोटी सही ठोकली असेल तर? तसं असेल तर खोटी करणाऱ्यानंच कागद उचलला. तसं असेल तर तो आता चुलीत गेला. तिनं स्वतःला थांबवलं. आधी मोजायचं, मग बोलायचं, ही सवय तिला होती.

खोलीत तिची चार खोकी होती, एकाच मापाची, एकाच रंगाची. प्रत्येकावर तिनं चिठ्ठी चिकटवली होती: ‘उघडायचे’, ‘विचारायचे’, ‘स्कॅन करायचे’, ‘झाले’. तिनं पहिली तीन तपासली. सगळे नंबर जागच्या जागी. चौथं कुणी तपासत नाही. झालेलं काम पुन्हा कोण उपसतं? तिनंही काल ते बघितलं नव्हतं.

बुधवारी दुपारपर्यंत तिचे एकशे चाळीसपर्यंतचे नंबर झाले होते, मधले दाबून ठेवलेले दोन सोडून. म्हणजे ‘झाले’मध्ये एकशे अडतीस कागद हवेत.

तिनं मोजले. एकशे एकोणचाळीस.

पुन्हा मोजले. एकशे एकोणचाळीसच.

तो एकशे सोळा आणि एकशे एकोणीसच्या मधोमध होता. नंबराप्रमाणं, नीट घडी घालून. चोरीला गेलेला कागद खोलीतून बाहेर पडलाच नव्हता. फक्त स्कॅनरला वळसा घालून, झालेल्या कागदांत जाऊन बसला होता.

तिनं तो उघडला नाही. हातात धरून तशीच बसली. आता तिला एकदम सगळं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. हाक मारली असती तर नानासोंचं तोंड कायमचं बंद झालं असतं. पण हाक मारायच्या आधी तिच्या मनात एक धागा सरकत गेला, आणि तिनं तो तुटू दिला नाही.

कागद ज्याला नष्ट करायचा होता त्यानं तो नेला असता. ज्याला पुरावा म्हणून हवा होता त्यानं फोटो काढून परत ठेवला असता, किंवा क्रांतीसारखा अंगणात वाचला असता. इथं ज्यानं हात घातला त्याला तो जपून राहायला हवा होता, आणि तरी कुणाच्या मोबाइलवर जायला नको होता. त्यासाठी त्याला सुभेदारांचं अक्षर लागलं पाहिजे, जे पोटच्या पोरांनाही लागत नव्हतं. चार सारख्या खोक्यांतलं ‘झाले’ कुठलं ते वाचता आलं पाहिजे. पेन्सिलीचे नंबर कळले पाहिजेत.

आणि मग, कालपासून कानाबाहेर थांबून राहिलेलं ते वाक्य आत आलं.

शुक्रवारी अकराला पलूसला.

वीरधवलनं आईला सांगितलंच नव्हतं. शुक्रवार नाही, पलूस नाही, अकरा तर नाहीच. अर्फानं वर बघितलं. कपाटावर एक नवी कोरी पिवळी फाइल पडली होती, सोमवारपासून. तिच्यावर टाचणीनं लावलेली छापील चिठ्ठी खालूनही दिसत होती. पलूस, शुक्रवार, वेळ अकरा वाजता.

त्या घरात अशी एकच व्यक्ती होती, जिच्यासमोर ती फाइल झाकावी असं कुणालाच वाटलं नव्हतं.

अर्फानं एकशे सतरा होता तिथंच ठेवला. एकशे अठरा घेतला आणि परसात गेली. धुकं आता उसात उतरलं होतं, ऊन वरून यायला लागलं होतं. शालूबाई सूप घेऊन बसल्या होत्या.

“काकी,” ती म्हणाली आणि ते माहितीपत्रक त्यांच्या मांडीवर ठेवलं. निळा डाग वर. 

शालूबाईंनी मान वाकडी केली. बोट त्या रेघांवरून उजवीकडून डावीकडं हळूच सरकलं.

“उलटं उठलंय गं,” त्या म्हणाल्या.

आणि मग, आपण काय बोललो ते कळून, त्यांनी डोळे मिटून घेतले.

५

“बेळगावात शिकले,” त्या म्हणाल्या. “ह्यांची बदली तिकडं हुती. पोरं गावी सासूबाईंपाशी, शाळेला. क्वार्टरमधी आमी दोघंच. रातच्याला भाकरी झाल्या की तवा पालथा घालायचा आन् त्येच्या पाठीवर खडूनं ह्ये मला अक्षर काढून द्यायचे. सकाळी घासून टाकायचं. तीन हिवाळं. मग एक दिस मला कोर्टात नेलं, सायबापुढं कागद केला. आजपातूर अंगठा, हितनं फुडं सही. त्यो ह्यो कागद.”

“मग अंगठा कशाला लावत राहिलात?”

शालूबाई हसल्या. हसताना त्या एकदम तिशीतल्या दिसल्या. “गावी आलो तवा पयल्यांदा सोसायटीत गेले. धा माणसं बसल्याली. भावजींनी मायेनं शाईचं पॅड फुडं सारलं. वैनीला येत न्हाई, लाजंल म्हणून. आता धा माणसांत दिराला खोटं पाडू? टेकवला अंगठा. एकदा टेकवला त्यो टेकवला. सासूबाईंचाबी अंगठाच हुता. त्यांच्या फुडं सही करून मिरवू?”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“पर त्याचा फायदा लय झाला बघ. अडाणी बाईफुडं माणसं कागद उघडेच टाकत्यात. बोलत्यात बी उघडं. मी वाचायची आन् ह्यास्नी हळूच सांगायची. ह्ये मग आपल्यालाच उमगलं असं दावून निस्तरायचे. भावकीत कुणाला कळलं न्हाई. दोघांचा कारभार हुता त्यो.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आता वाचलं तर सांगू कुणाला?”

केळीच्या पानावरून दव ठिबकत होतं. 

“सोमवारी कपाट पुसताना वाचलं. बक्षीसपत्र. नदीकडचा मळा एकट्या वीरूला. माज्या पाटल्या मोडून घेतल्याला मळा, माज्या नावचा. क्रांतीचं त्यात नाव बी न्हाई. आन् शेवटाला काय लिवलंय म्हाईत हाय? ‘सदर दस्त मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे.’” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मळ्याचं न्हाई गं येवढं. लेकच हाय, मागितला असता तर बसून बोललो असतो. त्या वाक्याचा राग आला. मला कुणी वाचून दावलं? बँकेत जायचंय म्हणून नेणार मला!”

“मग घरातच का नाही बोललात?”

“घरात बोलले की म्हातारी रागावली म्हणत्याल. समजूत घालत्याल. भावजी पाया पडत्याल, वीरू जेवायचा न्हाई. मी हाय कच्ची, वितळून जाईन. कचेरीत सायबापुढं बोलले की बोललं. म्हणून शुक्रवारपातूर कुणाला कळायला नगं हुतं. आन् बुधवारी बघते तर तू त्यो कागद वल्यात घातल्याला. सांजच्याला फोटो निघून समद्यांच्या हातात!” त्यांनी अर्फाचा हात धरला. त्यांच्या बोटांना शेंगांच्या टरफलांचा वास होता. “तुज्या पिशवीपातूर जाईल असं माज्या ध्यानातच आलं न्हाई. चुकले मी. आता तू सांगून टाक, मी आडवी येत न्हाई. तुजं नाव खराब हुतंय.”

अर्फा उसाकडं बघत राहिली. एक दिवस. फक्त उद्याचा दिवस उजाडेपर्यंत. पण संध्याकाळी तिला वीरधवलला तोंड द्यायचं होतं, आणि त्याच्या फोनमध्ये कराडातले नंबर होते.

“कागद ज्याच्या नावाचा, त्याचा,” ती शेवटी म्हणाली. “कधी दाखवायचा ते तुम्ही ठरवा, काकी.”

संध्याकाळी वीरधवलनं विचारलं, “सापडला?”

“कागद घराबाहेर गेलेला नाही,” ती म्हणाली. “उद्या दुपारी तुमच्या हातात देते.”

“आन् न्हाई दिला तर?” नानासो मागून म्हणाले.

“नाही दिला तर हे सगळं काम फुकट. आणि तुम्हाला ज्याला सांगायचं त्याला सांगा.”

ती एसटीत खिडकीशी बसली. घाटमाथा नव्हता, वळण नव्हतं, तरी तिला सगळा रस्ताभर गाडी कुठंतरी उतरत चालल्यासारखी वाटत राहिली.

६

पलूसच्या दस्तनोंदणी कचेरीत शुक्रवारी गर्दी बेताची होती. शालूबाईंनी सकाळीच हट्ट धरला होता, “ती कराडची पोरगी संगं असू दे, कागद तिला ठावं हायती.” वीरधवलला नकार द्यायला कारण सापडलं नाही. नानासो साक्षीदार म्हणून नवा सदरा घालून आले होते. क्रांती बुधवारी संध्याकाळीच कडेगावला परतली होती.

आपण बँकेत नाही, कचेरीत आलोय, याबद्दल आई काहीच विचारत नाही हे बघून वीरधवल जरा गोंधळला होता. पण नंबर पुकारला गेला आणि ते आत गेले.

टेबलामागच्या साहेबांनी कागद उलटले. “अंगठा की सही?”

“अंगठा,” नानासो म्हणाले आणि त्यांनी पॅड पुढं सारलं. सोसायटीत पहिल्यांदा सारलं होतं तसंच, मायेनं.

साहेबांनी शालूबाईंकडं बघितलं. “आजी, दस्त वाचून दाखवला का तुम्हाला? मान्य आहे?”

“वाचून दावला न्हाई,” शालूबाई म्हणाल्या. “म्या वाचला. मान्य न्हाई.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. पंखा फिरत होता. वीरधवल म्हणाला, “आई, अगं…”

शालूबाईंनी अर्फाकडं हात केला. अर्फानं पिशवीतून स्टॅम्पपेपर काढून दिला. आदल्या दिवशी तिनं तो टिपकागदात ठेवून सरळ केला होता. साहेबांनी तो वाचला, चष्म्यावरून एकदा म्हातारीकडं बघितलं आणि दस्त बाजूला सारला. “मान्य नसेल तर विषयच संपला. तुम्ही जाऊ शकता.”

“तसं लिवून देते,” शालूबाई म्हणाल्या. “एक पेन द्या.”

कोऱ्या कागदावर त्यांनी चार ओळी लिहिल्या. मागची माणसं खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही. एक एक अक्षर काढून त्यावर वेगळी रेघ ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. खाली सही केली. ‘ई’ या वेळी एकदाच काढला.

बाहेर आल्यावर नानासो वडाच्या पाराशी थांबले. “वैनी,” ते म्हणाले, “मी पॅड सारत हुतो इतकी वर्सं… तुमी बोलायचं की.”

“तुमी कदी इचारलंच न्हाईसा भावजी.”

नानासोंनी मान खाली घातली. मी एसटीनं येतो म्हणाले आणि स्टँडकडं चालू लागले. नव्या सदऱ्याची घडी पाठीवर तशीच उठून दिसत होती.

वीरधवलनं गाडीचं दार उघडलं, पण बसला नाही. “तुला वाचता येतं,” तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. “कधीपासनं?”

“तू दुसरीत हुतास तवापासनं.”

“म्हणजे ती फाइल…”

“समदी वाचली. दोनदा.” त्यांनी त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. “मळा तुम्हा दोघांचाच हाय. पर मी हाय तवर माजा. वाटायचा तवा क्रांतीला बोलवून, समोर बसून, माज्या हातानं लिवीन. आज घरी जाऊन तिला फोन कर. तूच कर.”

त्यानं मान हलवली. डोळे लाल झाले होते. मग अर्फाकडं वळून म्हणाला, “ताई, तुमची ती पिशवी…” आणि त्यानं ती तिच्या हातातून घेऊन मागच्या सीटवर ठेवली.

“उद्या येते,” अर्फा म्हणाली. “एकशे बहात्तर राहिलेत.”

गाडी निघाली. अर्फा मागं, शालूबाई पुढं लेकाशेजारी. धुकं उठून गेलं होतं आणि रस्ता उन्हात लख्ख झाला होता. पहिल्या वळणावर शालूबाई काचेकडं तोंड करून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “साईराज टायर वर्क्स. येथे पंक्चर काढून मिळेल.”

वीरधवलनं एकदा आईकडं बघितलं.

“उसाचा ताजा रस. बर्फाशिवाय.” थोड्या अंतरानं, “केरबा पेंटर. बोर्ड, बॅनर, नंबर प्लेट.” मग एक लांबलचक बोर्ड आला, खतांचा, आणि तो अर्धा वाचून होईतोवर मागं गेला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

पुढचा बोर्ड दिसला तसा वीरधवलनं पाय ब्रेकवर ठेवला. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं त्याच्यासमोरून गेली, शेवटचं अक्षर वाचून होईपर्यंत. मग त्यानं वेग घेतला, आणि त्याच्या पुढच्या बोर्डापाशी पुन्हा कमी केला.